आत्याचा सोनोग्राफी रिपोर्ट

आज आत्याच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ (म्हणजे यकृतात मध्यम प्रमाणात चरबी) आले आणि दारूच्या थेंबालाही कधी न शिवलेल्या तिचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी समजावले की यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की हा आजार मानतात, आणि त्याचे मूळ बहुधा पोटाचा वाढलेला घेर, मधुमेह व इन्सुलिनला न जुमानणारे शरीर यांत असते. यकृत किती कडक झाले आहे, हे मात्र ग्रेडवरून कळत नाही; त्यासाठी फायब्रोस्कॅन करतात. खरा दिलासा पुढे मिळाला: वजन हळूहळू ७ ते १० टक्के उतरवले, म्हणजे आत्याच्या ७० किलोंतले ५ ते ७ किलो, तर चरबीबरोबर सूजही ओसरू शकते. लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालण्याआधी चहातली साखर, खारी आणि फरसाण बंद व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उद्यापासून आम्ही दोघी सकाळी चालायला जाणार आहोत.