रकाना क्रमांक ७

हा अनुभव लिहायला घेतला तेव्हा पहिली ओळ शिवीची झाली होती. ती खोडली. आता नीट सांगतो.

जमीनवापराच्या नियमांबद्दलचा प्रस्ताव एका वाक्याचा होता: वाणिज्य व औद्योगिक विभागांत निवासी वापरास परवानगी देण्यात यावी. त्यावर लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या होत्या. मुदत तीस दिवस, नमुना एका पानाचा. नाव, पत्ता, भूखंड क्रमांक, संबंध काय (मालक, भाडेकरू, इतर) इथपर्यंत सगळं सरळ. मग रकाना क्रमांक ७: 'प्रस्तावास पाठिंबा आहे / विरोध आहे. लागू नसेल ते खोडावे.' त्याखाली कारणासाठी दोन ओळी. मोजून दोन.

तीसपैकी माझे तेवीस दिवस या रकान्यात गेले.

आधी माझी बाजू. औद्योगिक पट्ट्यात माझं छोटं वर्कशॉप आहे. पत्र्याचे भाग दाबून काढतो. दोन पॉवर प्रेस, एक शिअरिंग मशीन, एक लेथ, अकरा माणसं. तेव्हा मी काही त्रयस्थ नाही. उद्या शेजारी इमारत उठली की परवा माझ्या प्रेसच्या आवाजाची तक्रार होणार आणि तेरवा कुणीतरी कागद तपासायला येणार, हे मला आत्ताच दिसतं. पण त्या अकरापैकी सात जण रोज दीड-दीड तास प्रवास करून येतात, हेही मलाच दिसतं. सकाळी सातची पाळी असली की ते सव्वापाचला घर सोडतात. त्यांना कामाजवळ घर मिळू नये, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

वाणिज्य विभागाबद्दल तर माझं काहीच दुखत नाही. खाली दुकान, वर बिऱ्हाड, यात नवीन ते काय? कार्यालयांचे रस्ते रात्री आठनंतर ओस पडतात. वरच्या खिडक्यांत दिवे दिसले तर तिथून चालताना बरंच वाटेल. फक्त खिडक्या असाव्यात. हे मी गमतीनं म्हणत नाही. इंग्लंडमध्ये २०१३ पासून ऑफिसांची घरं करायला पूर्ण नियोजन परवानगीची अट काढून टाकली, आणि त्या सवलतींच्या आधारानं अशी काही खुराडी निघाली की राहत्या खोलीला खिडकीच नाही. शेवटी २०२० साली नियम करावा लागला की अशा रूपांतरात प्रत्येक राहत्या खोलीला पुरेसा नैसर्गिक उजेड हवाच. आमच्या एका वाक्याच्या प्रस्तावात उजेडाचा शब्द नव्हता.

थोडक्यात माझं म्हणणं: वाणिज्यला हो, फक्त खिडकीची अट घाला. औद्योगिकला, कुठला उद्योग ते आधी सांगा, मग बोलू. एवढं साधं. हे आता रकाना ७ मध्ये बसवा.

पहिल्या खेपेला मी काहीच खोडलं नाही. 'पाठिंबा'च्या डोक्यावर बारीक अक्षरात 'वाणिज्य' लिहिलं, 'विरोध'च्या डोक्यावर 'औद्योगिक'. अर्ज घेण्याच्या खिडकीतल्या मॅडमनी कागद वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "एक खोडायचंय."

"मॅडम, प्रश्नच दोन आहेत."

"प्रस्ताव एक आहे."

त्यांचं चुकलं नव्हतं. प्रस्ताव एकच होता. पण ज्यानं कुणी 'वाणिज्य' आणि 'औद्योगिक' यांच्यामध्ये तो 'व' घातला, त्याला मी आजही शोधतोय.

(मध्येच आठवलं म्हणून सांगतो: अर्ज देताना पोच घ्या, आणि पोचेवर आवक क्रमांक घातला का ते खिडकीसमोर उभं राहूनच बघा. माझ्या पहिल्या पोचेवर नुसता शिक्का होता. पुढे तो कुणीही मानला नाही.)

दुसऱ्या खेपेला दोन्ही शब्द खोडून 'सोबतचे पत्र पाहावे' असं लिहिलं आणि चार पानी पत्र जोडलं. आठ दिवसांनी ते 'अपूर्ण' असा शेरा मारून परत आलं. पत्राची टाचणीसुद्धा कुणी काढलेली नव्हती.

तिसऱ्या खेपेला मला आतल्या साहेबांकडे पाठवलं. साहेब सज्जन होते, म्हणूनच जास्त त्रास झाला.

"तुमचा विरोध आहे ना? मग विरोध ठेवा."

"पूर्ण विरोध नाही, साहेब."

"मग पाठिंबा ठेवा."

"पूर्ण पाठिंबाही नाही."

"मग तुम्हाला म्हणायचंय तरी काय?"

हा प्रश्न त्यांनी खरंच विचारला! सगळी सुनावणी ज्याच्यासाठी भरवायची तो हा प्रश्न, आणि छापील नमुन्यात त्याला दोन ओळी. मी सांगायला सुरुवात केली तोवर त्यांचा फोन वाजला.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर पावणेदोन तास बसलो. शेजारी एक तरुण होता, भाड्याच्या खोल्या बदलून वैतागलेला. त्यानं 'विरोध' खोडलाही होता. "जपानमध्ये सगळीकडे घरं चालतात, काका. तुम्ही उगाच घाबरताय," म्हणाला. पलीकडे एक वयस्क कारखानदार बसले होते. घरं आली की उद्योग मरतात, हे त्यांनी मला अर्धा तास ऐकवलं, आकडेवारीसकट. मग उठले आणि 'पाठिंबा' ठेवून अर्ज देऊन आले. मी बघतच राहिलो. "अहो, जागेचा भाव काय होईल ते बघा," म्हणाले. ही गोष्ट चर्चेत कुणी मोठ्यानं बोलत नाही. परवानगी आली की कारखान्याखालची जमीन कारखान्यापेक्षा मोलाची होते, मग यंत्र बंद पाडायला शेजाऱ्याची तक्रार लागत नाही, मालकच बंद करतो. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींवर आज टॉवर आणि मॉल उभे आहेत. गिरणगाव फक्त नावाला उरलं.

जपानचं मी घरी येऊन वाचलं. तरुणाचं बरंचसं खरं होतं. तिथे जमीनवापराचे तेरा विभाग आहेत, आणि फक्त निव्वळ उद्योगांसाठी राखलेला एक सोडला तर बाकी बारांत घर बांधता येतं. साध्या औद्योगिक विभागातसुद्धा येतं. पण त्याच औद्योगिक विभागात शाळा आणि रुग्णालय बांधता येत नाही. ते वाचून मी थांबलोच. म्हणजे राहा, पण मूल शिकायला दुसरीकडे पाठवा. हे शहाणपणाचं की अर्धवट, माझं अजून ठरलेलं नाही. पण त्यांनी प्रत्येक विभागाचं उत्तर वेगळं दिलंय, एवढं नक्की.

कॅलिफोर्नियाचा २०२२ चा कायदा तर माझ्या मनासारखाच निघाला. वाणिज्य पट्ट्यांत परवडणारी घरं बांधायची वाट मोकळी, पण लागून असलेल्या जागेचा एक तृतीयांशाहून जास्त भाग औद्योगिक वापराचा असेल तर नाही. मी तो मजकूर मॅडमना दाखवायला छापून नेला. त्यांनी तो मन लावून वाचला आणि म्हणाल्या, "हे इथे लागू नाही." बरोबरच आहे म्हणा.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर मी बाकावरच्या कारखानदारासारखा व्हायचो. विभाग वेगळे ठेवण्याचा इतिहास नुसता धुरापासून बचावाचा नाही. १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं युक्लिड गावाच्या खटल्यात असे विभाग पाडणं वैध ठरवलं. त्या निकालात बंगल्यांच्या वस्तीत येणाऱ्या भाड्याच्या इमारतीला चक्क बांडगूळ म्हटलंय. कारखान्याला नव्हे, भाडेकरूंच्या इमारतीला. त्यामुळे कुणी 'शिस्तीसाठी वेगळं ठेवा' म्हणालं की आता मी आधी विचारतो, नको कोण आहे, धूर की माणसं?

आणि तरीही भोपाळ विसरता येत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये त्या रात्री वायू सुटला तेव्हा कारखान्याच्या कुंपणाबाहेर दाट वस्ती होती. रसायनांच्या टाक्या असतील तिथे घर नको, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. पण शिलाईचं युनिट, छपाई, माझ्यासारखं पत्र्याचं काम आणि रसायनांची टाकी, सगळ्याला नकाशात रंग एकच. जांभळा.

तर रकाना. चोविसाव्या दिवशी मी हात टेकले होते. टपाल शाखेत पंचविशीचा एक मुलगा शिक्के मारतो. मी तिसऱ्यांदा परत आलेला अर्ज घडी घालत होतो, ते बघून त्यानं मान वर न करता विचारलं, "काका, एका माणसानं एकच अर्ज द्यावा असं कुठं लिहिलंय?"

मी नमुना पुढूनमागून वाचला. कुठंही नव्हतं.

त्याच दिवशी दोन अर्ज दिले. एक पाठिंब्याचा, कारणाच्या ओळीत 'वाणिज्य विभागापुरता, खिडकीच्या अटीसह'. दुसरा विरोधाचा, 'औद्योगिक विभागापुरता, उद्योगांची वर्गवारी न केल्यामुळे'. मॅडमनी दोन्ही घेतले, दोन्हीवर आवक क्रमांक घातले आणि पहिल्यांदाच हसल्या. तेवीस दिवस मी व्यवस्थेशी भांडत होतो आणि उत्तर शिक्के मारणाऱ्या पोराकडे होतं. आनंद झाला की स्वतःचा राग आला, सांगता येत नाही. दोन्ही, अर्थातच.

सुनावणी त्यामुळे दोनदा झाली, दोन वेगवेगळ्या दिवशी. प्रत्येकाला चार मिनिटं होती, म्हणजे मला आठ मिळाली. एवढा वेळ त्या सभागृहात दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल, हे मी घरी तीन वेळा सांगितलं.

दुसऱ्या सुनावणीला समितीतल्या एका बाईंनी चष्मा सावरत विचारलं, "तुम्ही परवा पाठिंबा दिला होता ना?" तीच संधी. मी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. शेजारच्या रिकाम्या गाळ्यात, सामाईक भिंतीला लागून एक स्टूल ठेवलं होतं आणि त्यावर काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला. इकडे प्रेस पडली की तिकडे पाण्यावर वर्तुळं उठतात, ती विरायच्या आत पुढचा ठोका. सतराव्या ठोक्याला पाणी काठावरून ओघळतं. आवाज यात कुठेच नाही, व्हिडिओ मुका होता. "याच्या शेजारी बाळ झोपवायचं असेल तर भिंत कशी हवी, पाया कसा हवा, आणि त्याचा खर्च कुणी करायचा, एवढं प्रस्तावात लिहा," म्हणालो.

खर्चाचा मुद्दा लावून धरा. जो नंतर येतो त्यानं बंदोबस्त करायचा, हे तत्त्व इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात २०१८ पासून आहे. आधीपासूनच्या कारखान्याशेजारी किंवा संगीताच्या जागेशेजारी घरं बांधणाऱ्यानं आवाज अडवायची सोय स्वतः करायची. तसं नसेल तर काय होतं, ते आकड्यांत बघा. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक क्षेत्राला रात्री ७० डेसिबल चालतात, वाणिज्यला ५५, निवासीला ४५. सत्तर आणि पंचेचाळीस ऐकायला जवळचे वाटतात, पण डेसिबलची पट्टी सरळ नसते. पंचवीसचा फरक म्हणजे ध्वनीची तीव्रता तीनशे पटींहून जास्त. औद्योगिक पट्ट्यात घर आलं तर भिंतीच्या अलीकडे कुठला आकडा धरायचा? हे विचारल्यावर समितीत थोडी कुजबुज झाली. उत्तर आलं नाही, पण टिपून घेतलं. मी लिहिणाऱ्याच्या पेनाकडेच बघत होतो.

मोबाइलच्या ॲपवर डेसिबल मोजून नेऊ नका. माझ्या आधीच्या गृहस्थांना त्यावरूनच गप्प बसवलं. एक तर तपासलेल्या मीटरनं मोजा, नाहीतर पेल्यासारखं डोळ्यांना दिसेल असं काही न्या. आणि दोन अर्ज देणार असाल तर भूखंड क्रमांक दोन्हीवर अगदी सारखा लिहा. माझ्या एकावर तिरकी रेघ होती आणि एकावर आडवी, त्यावरून पोरगा पुन्हा मदतीला आला म्हणून निभावलं.

अडीच महिन्यांनी अहवाल लागला. सोबत तक्ता होता, पाठिंबा किती, विरोध किती. मी दोन्हीकडे एकेक आहे. खिडकीची अट वाणिज्यच्या परिच्छेदात जशीच्या तशी आली. औद्योगिकचा भाग वेगळा काढून वर्गवारीसह नवा प्रस्ताव मांडायचं ठरलं. तो 'व' सुटला! वर्कशॉपमध्ये सांगितलं तर लेथवरचा माणूस म्हणाला, "म्हणजे घर अजून लांबच." त्याला काय सांगणार? तो सव्वापाचला निघणाऱ्यांपैकी आहे.

नवा प्रस्ताव गेल्या आठवड्यात आला. उद्योगांचे चार वर्ग पाडलेत, आणि पहिल्या दोन वर्गांशेजारी घरं चालतील असं सुचवलंय. सोबतचा नमुना काल घेऊन आलो. रकाना ७ तसाच आहे. मी चार प्रती आणल्यात.