गाणी कुठली लावता?

रोलप्लेइंग गेम, म्हणजे एकत्र बसून एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायचा खेळ, चालवते म्हटलं की नव्या गेम मास्टरांचा, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्यांचा, पहिला प्रश्न ठरलेला: ‘वातावरण तयार करायला गाणी कुठली लावता?’ तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते. हल्ली काहीच लावत नाही.

पूर्वी लावायचे. वादळाचे आवाज, मेणबत्त्या, सगळा थाट. राजा शेवटचे श्वास घेत असताना फुकटच्या अ‍ॅपवर वॉशिंग पावडरची जाहिरात लागली. त्यानंतर अर्धा तास कुणालाही हसू न येता राजाचं नाव घेता येईना. आणि मेणबत्त्यांचं म्हणाल, तर पुण्यात मे महिन्यात पंखा बंद करून कोण बसणार? त्यातून कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद, दिसेना म्हणून चौघांनी मोबाइलचे टॉर्च लावले!

मग शब्दांकडे वळले. ‘भयाण, अंधारलेलं घर’ म्हटल्यावर कुणी भीत नाही, चिप्स खात राहतात. कोकणातल्या एका घराचा प्रसंग होता. मी एवढंच म्हटलं, ‘सहा महिने कुलूप होतं. देवघरात समई विझलेली आहे. वातीतून अजून धूर निघतोय.’ आणि गप्प बसले. हे गप्प बसणंच अवघड, जीभ शिवशिवते. पण चिप्सच्या पिशवीत गेलेला हात तिथंच थांबला.

दुसरं म्हणजे, सगळं आपणच सांगायचं नाही. एका मुलीला विचारलं, ‘तुला इथं कसला वास येतोय?’ ती म्हणाली, ‘ओल्या गोणपाटाचा.’ मी तो वहीत टिपून ठेवला.

काही खेळांत भीती नियमांतच असते. 1981च्या ‘कॉल ऑफ थुलू’मध्ये भयंकर काही दिसलं की पात्राच्या मानसिक संतुलनाचे गुण घटतात. छान आहे, पण ते घटतात कागदावर. ‘ड्रेड’मध्ये फासेच नाहीत. जोखमीचं काही करायचं तर जेंगाच्या 54 ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून एक ओढायचा. मनोरा पडला की तुमचं पात्र बाद. तिथं बोटं खरोखर थरथरतात, वर्णनाची गरजच उरत नाही.

त्या गोणपाटाचं पुढं काय झालं? दोन सेशननंतर मंडळी त्या गावातून सुटून रात्रीच्या एसटीत बसली होती. सगळे निवांत. मी त्या मुलीला म्हटलं, ‘तुझ्या शेजारची सीट रिकामी आहे. पण ओल्या गोणपाटाचा वास येतोय.’

तिनं पाय उचलून खुर्चीवर घेतले. खऱ्या खुर्चीवर, माझ्या हॉलमध्ये, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.