फेअर आयलला जाताय? आधी परतीचं गणित मांडा

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड हे दोन द्वीपसमूह आहेत. त्यांच्या साधारण मधोमध, अटलांटिक आणि उत्तर समुद्राचं पाणी जिथे एकमेकांत घुसतं तिथे, फेअर आयल हे पाच किलोमीटर लांब आणि जेमतेम अडीच किलोमीटर रुंद बेट आहे. वस्ती पन्नासच्या आसपास. एक दुकान, एक छोटी शाळा, दोन टोकांना दोन दीपगृहं, चहूबाजूंनी उभे कडे आणि उन्हाळ्यात त्या कड्यांवर हजारो समुद्रपक्षी. आम्ही जूनमध्ये जाऊन आलो. बायको, मी आणि भारतातून आलेले तिचे मालवणचे मामा. परतल्यापासून ओळखीचे लोक विचारतायत की तिथे जायचं कसं. जाण्याचा रस्ता तसा सरळ आहे. खरा विचार करायचा तो परत येण्याचा, म्हणून तेच सविस्तर लिहितो.

बेटावर पोचायला दोन वाटा आहेत. पहिली बोटीची. ‘गुड शेपर्ड ४’ ही लहान बोट शेटलंडच्या दक्षिण टोकाजवळच्या ग्रटनेस धक्क्यावरून सुटते आणि सुमारे अडीच तासांत बेटावर पोचते. काही फेऱ्या शेटलंडचं मुख्य गाव असलेल्या लर्विकहून असतात, त्यांना जवळपास दुप्पट वेळ लागतो. एका वेळी फक्त बारा प्रवासी. उन्हाळ्यात आठवड्याला साधारण तीन फेऱ्या आणि हिवाळ्यात एखादीच. दुसरी वाट विमानाची. लर्विकजवळच्या टिंगवॉल धावपट्टीवरून आयलंडर जातीचं चिमुकलं विमान पंचवीसेक मिनिटांत नेऊन सोडतं.

वेळापत्रक वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. ही बोट शेटलंडची नाही, बेटाची आहे. खलाशी बेटावरचे आणि बोटीचा मुक्कामही बेटावरच. सकाळी ती बेटावरून निघते, ग्रटनेसला येते, सामान आणि माणसं भरते आणि लगेच परत फिरते. म्हणजे सकाळी बोटीने जाऊन संध्याकाळी बोटीनेच परत, असा बेत इथे बसत नाही. बोटीने गेलात की मुक्काम आलाच. एका दिवसात जाऊन यायचं असेल तर ज्या दिवशी विमानाच्या दोन फेऱ्या असतात तो दिवस शोधावा लागतो.

आता हवामान. बेटावरच्या एका बाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं ते सगळ्यांत उपयोगी पडलं: वारा बोटीला अडवतो आणि धुकं विमानाला. वाऱ्याने समुद्र खवळलेला असतो तेव्हा बोट बांधून ठेवतात, पण धावपट्टी स्वच्छ दिसत असेल आणि वाऱ्याची दिशा सोयीची असेल तर विमान उतरू शकतं. उलट जून-जुलैत दक्षिणेकडची उबदार, दमट हवा थंड पाण्यावर येते आणि दाट धुकं धरतं. समुद्र अगदी शांत, बोट आरामात येते-जाते, पण विमानाला धावपट्टी दिसत नाही. म्हणून दोन्ही वाटांची चौकशी आधीपासून करून ठेवा, दोन्हींचे फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, आणि एक बंद पडली की दुसरीकडे जागा आहे का हे त्याच क्षणी विचारा. बारा जागा भरायला वेळ लागत नाही.

आमचं तसंच झालं. जाताना बोट ठरल्या वेळी सुटली. परतीला आम्ही विमान धरलं होतं, आणि त्या सकाळी उठलो तर खिडकीबाहेरचं कुंपणही दिसेना. फेरी दुपारवर गेली, मग रद्द झाली. बायकोने लगेच फोन करून दुसऱ्या दिवशीच्या बोटीत तीन जागा मिळवल्या. घरमालकिणीने न विचारताच रात्रीच्या जेवणाची तीन ताटं वाढवली. अडकलेल्या पाहुण्याकडे इथे कोणी अडचण म्हणून बघत नाही, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

अडकण्याची परंपरा इथे जुनी आहे. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातलं ‘एल ग्रान ग्रिफॉन’ हे जहाज या बेटाच्या किनाऱ्यावर फुटलं आणि त्यावरची सुमारे तीनशे माणसं कित्येक आठवडे इथे अडकून पडली. मूठभर कुटुंबांच्या बेटावर एवढ्या तोंडांना पुरेल इतकं धान्य कुठून येणार? त्यांतले बरेच जण इथेच मेले. आज दुकान आहे, पण त्यातला बराचसा माल ‘गुड शेपर्ड’च आणते. बोट आली नाही की ताज्या भाज्या आणि दूधही येत नाही. त्यामुळे दोन-तीन दिवस जास्तीचे पुरतील इतके कोरडे जिन्नस बरोबर न्या. आम्ही डाळ, तांदूळ, पोहे, मेतकूट आणि लोणच्याची बाटली नेली होती. शाकाहारी असाल तर खोली ठरवतानाच तसं सांगा. रोजची औषधं मात्र आठवडाभर जास्तीची हवीत, कारण बेटावर परिचारिका असते, पण डॉक्टर नाही.

ग्रटनेसहून निघाल्यावर थोड्याच वेळात बोट ‘संबरा रूस्ट’मधून जाते. शेटलंडच्या दक्षिण टोकापाशी भरती-ओहोटीचा ओघ जोराने धावतो. त्या ओघाच्या उलट दिशेने वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. मामांचं आयुष्य मालवणच्या किनाऱ्यावर गेलेलं. धक्क्यावर उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पुनव कधी आसा?” तो अगदी योग्य प्रश्न होता. आवस-पुनवेच्या नंतरचे एक-दोन दिवस उधाण सर्वांत मोठं, त्यामुळे ओघही सर्वांत जोरदार. तारीख निवडायची मोकळीक असेल तर अष्टमीच्या आसपासची निवडा. आपल्या कालनिर्णयावर तिथी बघून हे घरबसल्या ठरवता येतं. वारा कसा असेल ते मात्र कुठलंच पंचांग सांगत नाही.

त्यासाठी ब्रिटिश हवामान खात्याचा समुद्री अंदाज आहे, जो बीबीसी रेडिओ ४ वर वाचून दाखवतात. त्यात आसपासच्या समुद्राच्या भागाचं नावच ‘फेअर आयल’ आहे. वाऱ्याची दिशा, जोर, समुद्राची स्थिती, पाऊस आणि शेवटी किती लांबचं दिसेल, असा त्याचा क्रम असतो. जोर बोफर्ट मापात सांगतात: ४ म्हणजे ११ ते १६ नॉट, ६ म्हणजे २२ ते २७ नॉट आणि ८ म्हणजे ३४ ते ४० नॉट, म्हणजे ताशी साठ-सत्तर किलोमीटरचं वादळी वारं. ५ किंवा ६ चा आकडा ऐकू आला की मी परतीचा दुसरा मार्ग मनात तयार ठेवायचो. बोट सोडायची की नाही, हे शेवटी तांडेल ठरवतो. कधी वेळ बदलते, कधी वारा चढायच्या आत बोट आदल्या दिवशीच निघते, म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करणं आणि आपला फोन चालू ठेवणं आवश्यक आहे. ‘नाही’ म्हटल्यावर कृपया हुज्जत घालू नका. त्या बोटीत त्याचे शेजारी बसलेले असतात, त्यांच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर आहे.

बोट लागण्याबद्दल सगळेच विचारतात. लागते, आणि ज्यांना एरवी कधी लागत नाही त्यांनाही लागते. गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, पण निघण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. उपाशीपोटी बसू नका, कोरडं आणि हलकं काहीतरी खा. बाहेर बसू दिलं तर क्षितिजाकडे नजर ठेवा. जूनमध्येही लोकरीची टोपी, हातमोजे आणि खरोखर पाणी न शिरणारं जाकीट हवं.

एवढा खटाटोप कशासाठी? मे ते जुलै पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी कड्यांच्या गवतात इतक्या जवळ बसलेले असतात की दुर्बीण खाली ठेवावी. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते निघून जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरात सायबेरियाकडून भरकटलेले दुर्मीळ पक्षी येतात आणि पक्षीवेडे मुद्दाम त्या दिवसांत येतात, पण तेव्हा हवामानाचा भरवसा आणखी कमी, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तो काळ सुचवणार नाही. पक्षीनिरीक्षण केंद्र १९४८ पासूनचं. त्याची इमारत मार्च २०१९ मध्ये जळाली आणि पुन्हा बांधली गेली. २१७ मीटरच्या वॉर्ड हिलवरून स्वच्छ हवेत शेटलंड आणि ऑर्कनी दोन्ही दिसतात. दक्षिणेचं दीपगृह १८९२ चं. ३१ मार्च १९९८ पर्यंत तिथे माणसं दिवा सांभाळत होती, स्कॉटलंडमधलं ते असं शेवटचं. चोवीस तास वीज बेटावर २०१८ मध्ये आली, पवनचक्क्या, सौरपट्ट्या आणि बॅटऱ्यांवर. त्याआधी वारा नसेल तर रात्री साडेअकराच्या सुमाराला दिवे जात. जूनमध्ये त्याची उणीव फारशी जाणवली नसती, रात्री अकरालाही बाहेर वाचता येईल इतका उजेड असतो.

भारतातून येणाऱ्यांसाठी दिवसांची मांडणी अशी करा. अ‍ॅबर्डीनहून रात्रीची मोठी बोट सकाळी लर्विकला पोचवते. तिथून शक्य तितक्या लवकर फेअर आयल गाठा आणि शेटलंडचं बाकीचं फिरणं बेटानंतर ठेवा. बेट शेवटी ठेवलंत आणि अडकलात तर अ‍ॅबर्डीनची बोट, लंडनची गाडी आणि मुंबईचं विमान असं सगळंच एकामागून एक हातचं जाईल. बेटावरून परतायचा दिवस आणि मुंबईचं विमान यांत निदान चार-पाच दिवस ठेवा. विमा घेताना हवामानामुळे बोट रद्द झाली तर जास्तीच्या मुक्कामाचा खर्च मिळतो का, हे लेखी विचारून घ्या, कारण पुष्कळ पॉलिसींत ते नसतं. आणि अ‍ॅबर्डीनच्या परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा, चार पैसे जास्त पडले तरी.

बोट वेळेवर आली आणि ते राखीव दिवस मोकळे राहिले, तर ग्रटनेसपासून चालत जाण्याच्या अंतरावर जार्लशॉफचे अवशेष आहेत, चार हजार वर्षांच्या वस्त्या एकावर एक. त्याच्या वरच्या अंगाला १८२१ चं संबरा दीपगृह. त्याच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडेही पफिन बसतात, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला फेअर आयल दिसतं.