आजोबांनी वाघ पाहिला नाही

सर्कशीत माझ्या आजोबांनी वाघ पाहिला नाही. म्हणजे वाघ होता, पिंजराही आमच्या नाकासमोर लागला होता. पण तेवढा सगळा वेळ आजोबा मान वर करून तंबूच्या आढ्याकडे बघत बसले होते. तिथे एक जाळं गुंडाळून बांधून ठेवलं होतं. सगळे वाघाकडे बघताहेत, मीही बघतोय, आणि ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. म्हणाले, "ता बघ. सोडतले मगे कळात तुका."

1983च्या आसपासची गोष्ट. मी चौथीत होतो. आजोबांची हयात रापणीत गेलेली. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं सोडत जायचं, मग किनाऱ्यावर तीस-चाळीस माणसांनी दोन्ही टोकांचे दोर धरून ते ओढत आणायचं, आणि जे मिळेल त्याचे वाटे घालायचे. मालवणात रापण म्हणजे नुसतं जाळं नव्हे, त्यामागची ती सगळी माणसंही. तेव्हा कुठेही जाळं दिसलं की आजोबांची नजर तिथे जायचीच, मग समोर वाघ असो की व्याही.

सर्कस आमच्याकडे यायची ती दिवाळी आणि शिमग्याच्या मधल्या दिवसांत. पावसात तंबूचं कोकणात काय होणार, ते सांगायला नको. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला 1998 उजाडायचं होतं, त्यामुळे हत्ती-घोड्यांसकट सगळा लवाजमा ट्रकांतून घाट उतरून यायचा. हत्ती घाट कसा उतरला असेल, यावर शाळेत दोन दिवस वाद चालायचा. तो ट्रकमध्ये बसून आला की उभा राहून, हा वाद तर अजून मिटलेला नाही.

त्या वर्षी तंबू लागला पुळणीला लागून असलेल्या मोकळ्या जागेत. तिथेच घोटाळा झाला. चार-पाच जण गोल उभे राहून एकाच मेखेवर आळीपाळीनं घण घालत होते. एकाचा वर, एकाचा खाली, ताल कुठे चुकत नव्हता. पण मेख वाळूत लोण्यात सुरी जावी तशी जायची आणि तितक्याच सहज बाहेर यायची. दुपारी खारा वारा सुटला की कापड शिडासारखं फुगायचं आणि दोर सैल. आम्ही पोरं कडेला उभी होतो, आजोबाही होते. थोडा वेळ त्यांनी सहन केलं, मग सर्कशीच्या मुकादमाला गाठून आपल्या हिंदीत सांगितलं, "रेती में खुटा नहीं रहेंगा. गोणपाट में रेती भरो, आडवा गाडो, उसको दोर बांधो." मुकादमानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि गोणपाटं मागवली. पोती पुरली, दोर तंगले, तंबू उभा राहिला. संध्याकाळी आमच्या घरी दोन पास आले. नाहीतर आजोबा कसले सर्कशीला जातात!

तर झुल्यांचा खेळ आला तेव्हा ते जाळं सुटलं. बँड थांबला. बारा-पंधरा माणसं धावत आली, चारी बाजूंनी ताण दिला आणि जाळं रिंगणाच्या वर तरंगायला लागलं. दोन्ही टोकांना ते वर उचलून बांधलेलं होतं, म्हणजे कुणी लांब फेकला गेला तरी बाहेर जायला नको. आजोबा खूश. "गाठ बघ कशी मारल्यानी हा," म्हणाले. एवढ्या लांबून त्यांना गाठ दिसली असेल असं मला वाटत नाही, पण ताण दिसला असणार.

वर मुली झोका घेत होत्या, सुटत होत्या, गिरकी घेऊन पलीकडच्याच्या हातात जात होत्या. त्यांच्या अंगावरच्या टिकल्यांवर दिवा पडला की सगळ्या तंबूचा श्वास अडकायचा. पलीकडचा माणूस गुडघ्यांवर उलटा लटकलेला. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. आजोबांनी मात्र दाखवलं की तो बोटं धरत नाही, मनगट धरतो, आणि ती त्याचं मनगट धरते. "बोटा धरलीस तर सुटतली." शेवटी जोकर चढला, त्याची विजार झुल्याला अडकून राहिली आणि तो पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत धाडकन खाली. लोक हसून लोळले. मला तो कसा पडला ते दिसलं, कारण शेजारून सूचना आली होती: पाठीवर. बाकीचेही शेवटी एकेक करून खाली आले ते सगळे पाठीवर. जाळं मऊ असतं हा आपला समज. हातपाय वेडेवाकडे टेकले तर तेच जाळं मोडतं किंवा चेंडूसारखं बाहेर भिरकावतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईबरोबर मासळी बाजारात गेलो तर तिथे झुल्यावरची एक बाई! साधी साडी, खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी. रात्रीच्या टिकल्यांपैकी एक कानामागे राहून गेली होती, म्हणून ओळखली. ती एका टोपलीपाशी उकिडवी बसून माशाचे कल्ले उघडून बघत होती, अगदी माझ्या आईसारखी. विकणारी म्हणाली, "पेडवे, ताजे." ती म्हणाली, "मत्ती." विकणारी म्हणाली, "मत्ती नाय, पेडवे." ती हसली आणि पुन्हा "मत्ती" म्हणाली. मग बांगड्याला हात लावून म्हणाली, "अयला." अर्धा बाजार गोळा झाला. आजोबांना घरी येऊन हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "हात बघलंस तिचे?" बघितले होते. तळव्यांना बोटांच्या मुळाशी पिवळट घट्टे होते, दोर ओढणाऱ्यांना असतात तसे. आजोबांच्या हातांवर नेमके तिथेच होते.

ती बाई कुठली, हे कोडं मोठेपणी वाचताना सुटलं. आपल्याकडच्या सर्कशीची सुरुवात मराठी माणसानं केली, हे आपण अभिमानानं सांगतो. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे घोड्यांचं काम बघायचे. 1879मध्ये मुंबईत इटलीच्या कियारिनीची सर्कस आली, आणि 20 मार्च 1880ला छत्र्यांनी स्वतःच्या सर्कशीचा पहिला खेळ केला. (ह्या गृहस्थांचं मला भारी वाटतं ते वेगळ्याच कारणानं. ते हद्दू खाँसाहेबांकडे गाणं शिकले होते, आणि खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ यांना त्यांनी पुढे सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. एका तंबूत घोडे, शेजारच्या तंबूत तसला गळा!) पण सर्कस फिरत फिरत केरळात तलश्शेरीला पोचली तेव्हा तिथे छत्र्यांना कीलेरी कुन्हिकण्णन भेटले, कसरतीचे मास्तर. त्यांनी सर्कशीसाठी मुलं तयार करायला घेतली, 1901मध्ये शाळाच काढली. पुढे देशभरच्या सर्कशींत झुल्यावर तलश्शेरीची माणसं दिसायला लागली. तलश्शेरी आमच्यासारखीच समुद्राला पाठ टेकून बसलेली. तिथे पेडव्यांना मत्तीच म्हणतात.

सर्कस गेली आणि आम्ही तिची नक्कल सुरू केली. खाडीवर एक माड पाण्यावर ओणवलेला होता. त्याला सुंभाचा दोर बांधला, टोकाला आडवी काठी. झोका घ्यायचा आणि पाण्यावर गेलं की हात सोडायचे. आम्हाला वाटायचं हा शोध आमचा. पण फ्रान्सच्या तुलूझ गावात झूल लेओतार हेच करत होता, बापाच्या व्यायामशाळेतल्या तलावावर झुला टांगून. 1859मध्ये त्यानं पॅरिसला खेळ केला आणि तो खेळ जगाचा झाला. तो घालायचा त्या घट्ट कपड्याला अजून त्याचंच नाव आहे. आमचा खेळ मात्र चौथ्या दिवशी संपला, कारण तलावाला ओहोटी नसते. मी झोका घेतला, गिरकीही मारली, आणि गुडघाभर चिखलात कालवांच्या धारदार शिंपल्यांवर उतरलो. तळपाय असा काही कापला की अजून खूण आहे. आजोबांनी मिठाच्या पाण्यानं धुतला. मी बोंबलत होतो, ते शांतपणे विचारत होते, "जाळा बघलंस काय आधी?"

वाघ-सिंह आता सर्कशीत नाहीत. 1998च्या सरकारी अधिसूचनेनं बंदी घातली, 2001मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. बरं झालं. त्या पिंजऱ्याचा वास मला आठवतो, आणि त्या वाघाची एकाच जागी गोल गोल फिरण्याची सवयही, ज्याला आम्ही तेव्हा रुबाब समजत होतो. लहान मुलांना कामावर ठेवण्यावर 2011मध्ये बंदी आली, तेही उत्तमच. त्यामुळे सर्कस बुडाली असं हळहळून सांगणारे भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. सोबतीला चहा घेतो.

आजोबा सर्कशीला पुन्हा गेले नाहीत. पण बाजाराच्या दिवशी डोंबारी यायचे. दोन्हीकडे बांबूंची कैची, मधे दोर, खाली बाप ढोल वाजवतोय, आणि माझ्याच वयाची मुलगी, आमच्या मालवणीत चेडू, हातात आडवा बांबू धरून दोरावरून चाललेली. आधी अनवाणी, मग पायाखाली ताटली घेऊन. खाली फक्त रस्ता.

लोक खेळ संपल्यावर, आवडला तर, पैसे टाकायचे. आजोबा आधी टाकायचे. मुलगी अजून बापाच्या खांद्यावरून दोरावर चढत असायची तेव्हाच पुढे होऊन नाणं चादरीवर ठेवायचे, माझा दंड धरायचे आणि चालू लागायचे. मागे ढोल वाढत जायचा. मला थांबायचं असायचं, मी मान वळवत वळवत फरफटत जायचो. कोपरा वळून दुकानांच्या आड गेलो की ढोल एकदम थांबायचा. आजोबाही थांबायचे आणि मागे न बघता मला विचारायचे, "उतारला काय रे चेडू?"

तिथून काहीच दिसत नसायचं. मी "होय" म्हणायचो.