डान्स बारसाठी एवढा कायदा, मग आमच्या वावरातल्या डान्स हंगाम्याचं काय?

दिवाळी झाली अन् मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रेचा, सीझन लागला की आमच्या पूर्व विदर्भात दोन प्रकारचे पोस्टर लागतात. एक झाडीपट्टीच्या नाटकाचे, गडचिरोलीतल्या वडश्याच्या नाटक कंपन्यांचे, ते पाहायला आम्ही लेकराबाळांसहित चादरी घेऊन रात्रभर बसतो. दुसरे डान्स हंगाम्याचे, म्हणजे तिकीट लावून वावरात होणाऱ्या अश्लील नाचाचे, तिथे फक्त पुरुष माणसं अन् गावातले पोट्टे जातात. पण परवानगीच्या अर्जावर दोन्ही "सांस्कृतिक कार्यक्रम"च असतात, अन् माझा सगळा राग याच्यावरच आहे.

टीव्हीवर डान्स बारचा विषय निघाला की मुंबई-पनवेलच दिसते. २००५ मध्ये आर. आर. आबा गृहमंत्री असताना बंदी आली, पण बिअर बारमध्ये बंद अन् थ्री स्टार अन् त्याच्यावरच्या हॉटेलात चालू असा प्रकार होता, म्हणून २००६ ला हायकोर्टानं ती रद्द केली अन् २०१३ ला सुप्रीम कोर्टानंही तेच म्हटलं. मग २०१४ ला सरसकट बंदी, पुढच्या वर्षी तिला स्टे, मग २०१६ चा नवीन कायदा, अन् जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याच्याही बऱ्याच अटी काढून टाकल्या, शाळा-मंदिरापासून एक किलोमीटर, सीसीटीव्ही, दारूबंदी वगैरे. पैसे उधळायची बंदी मात्र ठेवली. आणि एक चांगली गोष्ट पण ठेवली, नाचणाऱ्या बाईसोबत लेखी करार पाहिजे अन् तिचे पैसे तिच्या बँक खात्यात गेले पाहिजेत.

आता हे सगळं आमच्या काय कामाचं? त्या कायद्याच्या नावातच हॉटेल, रेस्टॉरंट अन् बार रूम आहे. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत तट्टे बांधून स्टेज टाकलं तर ते ना हॉटेल ना बार. विनालायसन्स डान्स बार चालवला तर पाच वर्षांपर्यंत जेल अन् २५ लाखांपर्यंत दंड आहे. वावरातल्या अश्लील नाचावर बहुतेक वेळा जुन्या दंड संहितेतलं कलम २९४, म्हणजे आताच्या न्याय संहितेतलं २९६ लागते, त्यात जास्तीत जास्त तीन महिने जेल, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. हजार रुपये! एवढ्याचे तर आयोजकाचे पोस्टर पण छापून होत नाहीत.

मागच्या मंडईला त्या ग्रुपमधली एक पोरगी आमच्या अंगणात आली, वीस-एकवीसची असेल, साध्या कपड्यावर शाल गुंडाळलेली, तोंडावर पूर्ण मेकअप. "ताई, बाथरूम आहे का?" स्टेजच्या मागे काहीच सोय नव्हती, कपडे पण गाडीतच बदलत होत्या. अंगात ताप होता तिच्या. मी चहा दिला तर उभ्या उभ्याच प्यायली, कारण बाहेरून कोणी तरी हाका मारत होता. पैशाचं विचारलं तर म्हणाली, "ठरते तेवढे कधीच नाही भेटत ताई, गाडीचे कापते, जेवणाचे कापते." करार-बिरार तर सोडाच, कोणत्या गावात नाचायचं आहे हे पण तिला गाडीत बसल्यावर समजते.

आमच्या भागातले असले व्हिडिओ व्हायरल झाले की दोन दिवस गोंधळ होते, शिव्या त्या पोरींनाच पडतात, चेहरे त्यांचेच फिरतात. ज्यानं तिकीट विकलं, ज्यानं वावर दिलं, त्याचं नाव लोकायला माहीत असूनही कोणी घेत नाही, कारण तो गावातलाच असते अन् उद्या त्याच्यासोबत बसायचं आहे.

पूर्ण बंदी करा असं मी म्हणत नाही. बंदी केली तर हेच जंगलाच्या बाजूला आणखी आत जाईल, अन् तिथे त्या पोरीला चहा विचारणारं पण कोणी नसेल. माझं म्हणणं एवढंच आहे की परवानगी मागताना आयोजकाचं आणि जागामालकाचं नाव अर्जावर असावं, कार्यक्रम काय आहे ते स्पष्ट लिहावं, नाचणाऱ्यांचं वय तपासावं, मागे संडास-बाथरूम अन् कपडे बदलायला बंद खोली असावी, पैसे खात्यात जावे, आणि गडबड झाली तर पहिलं नाव आयोजकाचं यावं. बारमधल्या बाईला करार भेटू शकते तर हिला काऊन नाही?

येत्या ग्रामसभेत मी हा अर्ज देणार आहे, बचत गटातल्या बाया सही करतो म्हणाल्या. तुमच्या गावात ग्रामपंचायतीनं असं काही केलं असेल तर खाली लिहा, ठरावाचा फोटो असेल तर तो पण टाका.