आमची वाटचाल: काजळीशी झटापट

सुरुवातीला आम्ही दुसऱ्यांच्या कृतीप्रमाणे उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे पदार्थ, बनवून द्यायचो. ॲल्युमिनाच्या गोळ्या निकेलच्या द्रावणात भिजवायच्या, वाळवायच्या, भट्टीत भाजायच्या. काम बिनडोक नव्हतं, पण डोकं आमचं नव्हतं.

एका ग्राहकाने विचारलं, प्रोपेनचं प्रोपिलीन करताना ऑक्सिजन दिला की बराच माल जळून जातो, काही करता येईल का? त्या प्रश्नापायी आम्ही कार्बन डायऑक्साइडकडे वळलो. ऑक्सिजन उतावळा, हा चिवट. प्रोपेनमधून सुटलेल्या हायड्रोजनचं पाणी करतो, स्वतः कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो. प्रोपिलीनला सहसा हात लावत नाही. मात्र उष्णता बाहेरून पुरवावी लागते, अगदी ५५०-६०० अंशांपर्यंत.

पहिला प्रयत्न सिलिकावरच्या क्रोमियम ऑक्साइडचा. आकडे झकास आले. पण भट्टीतून निघालेली पावडर पिवळसर होती आणि भांडी धुतलेलं पाणीही पिवळं. म्हणजे सहा संयुजेचा क्रोमियम, कर्करोग करणारा. ते काम तिथेच बंद केलं. भागीदार आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही.

मग मिथेन. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडपासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. दर मोल मिथेनमागे २४७ किलोज्यूल उष्णता लागते. निकेल तर आमच्या हातातलाच धातू, म्हणून आम्ही निर्धास्त. तिसऱ्या दिवशी गोळ्या भरलेल्या नळीतून गॅसच पुढे सरकेना. थंड करून उघडली, तर गोळ्या फुगून फुटलेल्या, चिमटीत धरल्या की काजळासारखा भुगा. सूक्ष्मदर्शकाखाली कार्बनचे बारीक तंतू दिसले आणि बऱ्याच तंतूंच्या टोकावर निकेलचा एकेक कण. कार्बनने धातूला आधारापासून, म्हणजे तो ज्या गोळीवर बसवला होता तिच्यापासून, उपटून डोक्यावर घेतलं होतं!

पुढचं जवळजवळ सगळं काम या काजळीवरच झालं. निकेलचे कण जितके मोठे तितके हे तंतू जास्त, म्हणून कण बारीक ठेवले. आधारात सीरिया, म्हणजे सेरियम धातूचा ऑक्साइड, मिसळला; तो स्वतःचा ऑक्सिजन देऊन कार्बन जाळतो आणि कार्बन डायऑक्साइडकडून पुन्हा भरून घेतो. दुसरी चूक तर निव्वळ सवयीची होती. नळी थंड करताना आम्ही गॅस चालूच ठेवायचो. तापमान उतरताना मधल्या टप्प्यात कार्बन मोनॉक्साइड मोडून कार्बन बसतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं, हाताला माहीत नव्हतं. आता आधी नायट्रोजन सोडतो, मग आच कमी करतो. शिवाय थंड निकेलवर कार्बन मोनॉक्साइड राहिला तर निकेल कार्बोनिल तयार होतो, आणि त्या विषाशी खेळ नको.

चौकशी करणारे बहुतेक जण अजूनही उत्प्रेरकाच्या कामगिरीचा पहिल्या तासाचा आकडा मागतात. आम्ही तो देतो, आणि सोबत पाचशे तास चाललेल्या गोळ्या डबीत घालून पाठवतो.