पश्चिमेची भिंत, झाप आणि अमेरिकेतलं साइडिंग

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, केप कॉडच्या बाजूला, जुन्या घरांच्या भिंती बाहेरून सीडार लाकडाच्या चिपांनी मढवलेल्या दिसतात. चीप १६ इंच लांब असते आणि तिचा खालचा ५ इंचच भाग उघडा राहतो. त्यामुळे भिंतीवर कुठेही बोट ठेवा, खाली तीन थर असतात. खारा वारा लागून चिपा राखाडी पडतात, कुणी रंगवत नाही. कोकणातल्या माणसाला हे बघून कौलं आठवतील, नाहीतर मिरगाच्या आधी पडवीला बांधलेले झावळ्यांचे झाप. कामही तेच, झड अडवायची.

गावच्या घराला ‘तिकडच्यासारखं साइडिंग’, म्हणजे भिंतीला बाहेरून फळ्या-पट्ट्यांचं आवरण, लावायचं हल्ली बऱ्याच जणांच्या मनात असतं. आधी एक समजून घ्यावं. इथलं, म्हणजे अमेरिकेतलं, घर लाकडी सांगाड्याचं. १६-१६ इंचांवर उभे वासे, त्यावर प्लायसारखी पाटी, त्यावर वाफ बाहेर सोडणारं पण पाणी अडवणारं कापड आणि सगळ्यात बाहेर साइडिंग. ते पाणी पूर्ण अडवेल असं इथला कुठलाही जाणता सुतार धरून चालत नाही. वाऱ्याच्या जोराने थोडं पाणी मागे जातंच. ते खाली उतरून बाहेर पडावं आणि मागची जागा वाळावी, यासाठी बाकीची सगळी मांडणी असते.

जांभ्या चिऱ्याची, चुन्यात किंवा मातीत बांधलेली जुनी भिंत तर पाणी पितेही आणि सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की पिणं चालू राहतं आणि सोडणं बंद होतं. मग आतल्या बाजूला पोपडे, मिठाचे पांढरे डाग, कपाटामागे बुरशी. त्यावर पुन्हा ‘वॉटरप्रूफ’ रंग मारणं म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट घालण्यासारखं. साइडिंगही भिंतीला चिकटवून लावलं तर हेच होईल.

चारही भिंती मढवायची गरज नसते. वळचण अडीच फूट बाहेर असेल तर बैठ्या घराच्या बऱ्याच भिंतींना फक्त चुन्याचा गिलावा पुरतो. खरा मार पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीला बसतो. त्यातही छपराखालच्या तिकोनी भागाला जास्त, कारण तिथे वळचणीचा आडोसा नसतो.

आता माल. व्हिनाइल, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्ट्या, इथे सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे दिसणारं. साडेबारा फुटांची पट्टी उन्हाथंडीत अर्धा इंच लांब-आखूड होते, म्हणून खिळ्यासाठी गोल भोक नसतं, आडवी खाच असते. खिळा खाचेच्या मध्यात मारायचा आणि त्याचं डोकं पट्टीपासून साधारण १ मिमी वर ठेवायचं. लावून झाल्यावर पट्टी हाताने डावी-उजवीकडे सरकली पाहिजे. सरकली नाही तर पहिल्याच उन्हाळ्यात तिला लाटा येतात. समोरच्या घराच्या काचेवरून परतलेल्या उन्हाने व्हिनाइल वितळल्याची उदाहरणंही इथे आहेत. कोकणातलं ऊन आणि वादळी वारा बघता ते लावू नये असंच आमचं मत. लाकूड सुंदर दिसतं, पण वाळवीच्या मुलखात त्याची देखभाल कोण करणार?

उरतं फायबर सिमेंट, म्हणजे सिमेंटमध्ये तंतू घालून केलेली फळी. जळत नाही, वाळवी लागत नाही, उन्हाने वाकत नाही. घेताना दोन गोष्टी विचारा, बाहेरच्या वापराची प्रत आहे का आणि ॲस्बेस्टॉस नाही ना, कारण त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. इथल्या जुन्या घरांवर ॲस्बेस्टॉसच्या राखाडी चकत्या अजून सापडतात. धड असतील तर बहुतेक वेळा त्या न फोडता तशाच झाकतात. तुमच्याकडे ॲस्बेस्टॉसचे जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर आधी ओले करा, आपटून फोडू नका.

हिशोब धरू ३० फूट लांब, १० फूट उंच भिंतीचा. दोन खिडक्यांचे २४ चौरस फूट वजा केले की २७६ उरतात. फळी १० फूट लांब, ८ इंच रुंद. वरची फळी खालचीवर सव्वा इंच चढते, म्हणजे पावणेसात इंच उघडे. एक फळी ५.६ चौरस फूट झाकते, ५० फळ्या झाल्या. तुटफूट १० टक्के धरून ५५ आणा. फळ्या भिंतीला न चिकटता मागे फट राहावी म्हणून त्यांच्यामागे लाकडाच्या उभ्या पट्ट्या लागतात, १६ इंचांवर एक धरून २४. कोपरे आणि खिडक्यांच्या कडा धरून २ × १ इंचाची साधारण २७० फूट पट्टी झाली. फळ्यांचे १८ थर, म्हणजे जवळपास ४३० स्क्रू, ५०० घ्या.

स्क्रूमध्ये पैसे वाचवू नका. गॅल्वनाइज्ड स्क्रू समुद्राजवळ गंजतो आणि प्रत्येक डोक्याखाली तपकिरी ओघळ उतरतो. तो रंगाखालूनही परत वर येतो. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवरही खाऱ्या हवेत चहासारखे डाग पडतात. ३१६ मागा, दुकानदार ‘सगळं सारखंच’ म्हणाला तरी. पट्ट्यांना फणसाचा किंवा सागाचा गाभा, नाहीतर वाळवीचं औषध दाबून मुरवलेलं लाकूड. आंब्याची पट्टी नको.

काम दिवाळीनंतर काढा. भिंत वाळली की नाही हे बघायला फूटभर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आत दव दिसलं तर थांबा. सुटलेला सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करा, १ भाग चुना आणि ३ भाग वाळू. वर कापड लागत नाही, आणि काळं प्लॅस्टिक तर मुळीच नाही.

पट्ट्या उभ्याच लावायच्या. आडव्या लावल्या तर प्रत्येक पट्टीवर पाणी साठतं. भिंत आणि पट्टी यांच्यामध्ये डांबरी फेल्टची चिंधी द्या. भोक चिऱ्यात पाडा, सांध्यात नाही. मेस्त्रींना ड्रिलचा हातोडा बंद ठेवायला सांगा, कारण ठोक्याने जांभा आतून चुरतो आणि प्लग नुसता फिरत राहतो. पट्टी आणि गिलावा सोडून प्लग चिऱ्यात किमान ६० मिमी गेला पाहिजे, म्हणून स्क्रू-प्लग साडेचार इंची लागतो, दर दोन फुटांवर एक. जुनी भिंत ओळंब्यात नसतेच, तेव्हा पट्टीमागे पाचर देऊन सगळ्या पट्ट्या दोरीला मिळवा.

पहिली फळी जोत्याच्या वर, अंगणापासून निदान फूटभर उंच. इथे ६ इंच पुरतात, पण पागोळ्यांच्या पाण्याचे शिंतोडे कुठवर उडतात हे तुम्हाला ठाऊक आहे. लेव्हल पाइपने रेघ मारा. पहिल्या फळीच्या खाली मागून त्याच जाडीची बारीक पट्टी द्या, म्हणजे तिचा कल वरच्यांसारखाच येतो. खालची आणि वरची फट उघडी ठेवून स्टेनलेसची बारीक जाळी बसवा. जाळी विसरलात तर आधी गांधीलमाश्या, मग उंदीर आणि उंदरांमागून साप.

स्क्रू वरच्या कडेला लपवला तर भिंत छान दिसते. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात आदळलं तेव्हा छपरांची काय गत झाली ते आठवा. किनाऱ्यावर स्क्रू खालच्या कडेपासून इंचभर वर, दोन्ही फळ्यांतून आरपार घ्या. भोक आधी पाडून ठेवा. फळ्यांचा सांधा पट्टीवरच यावा आणि त्यामागे पत्र्याची किंवा फेल्टची चकती असावी. त्या चकतीचं खालचं टोक खालच्या फळीवर आलं पाहिजे. चकती नसलेला, नुसता सिलिकॉन भरलेला सांधा दोन पावसाळे टिकला तरी खूप.

खिडकीच्या डोक्यावर इंग्रजी झेडच्या आकाराची पत्र्याची पट्टी लागते. ती पुढे उतरती हवी आणि दोन्ही टोकं वर वळवलेली. तिच्यावरची फट सिलिकॉनने बुजवायची नाही. ही चूक इथेही सर्रास होते. बुजवली की आलेलं पाणी चौकटीत शिरतं आणि दोष खिडकीवर जातो.

फळ्या कोरड्या ठेवा, ओल्या बसवल्या तर वाळल्यावर सांधे उघडतात. कापताना करवतीची पांढरी धूळ फुप्फुसाला घातक असते, तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. कार्बाइडच्या सुरीने चार-पाच वेळा रेघ ओढून फळी मोडा, आणि कापलेल्या प्रत्येक कडेला लगेच प्रायमर लावा. मोठ्या पावसात खालच्या जाळीतून थेंब गळताना दिसले तर घाबरू नका, ते पाणी तिथूनच जायचं आहे. उरलेल्या फळ्यांतल्या चार माळ्यावर आडव्या ठेवून द्या. नारळ पडून एखादी फुटली तर त्याच नक्षीची फळी पाच वर्षांनी बाजारात मिळेलच असं नाही.